कोर्ट बांधायचंय? आधी दोन काचेचे ग्लास घ्या

"सर, खेळाच्या कोर्टाला ॲक्रेलिकचा रंग चांगला की टाइल्स?" अमळनेरपासून शहाद्यापर्यंत मला हाच प्रश्न येतो. सरपंच विचारतात, संस्थेचे चेअरमन विचारतात, माझेच जुने विद्यार्थी आता कुठे शिक्षक झालेत, ते विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: खड्डा खणला का? नसेल तर आधी खणा, रंगाचं पुस्तक नंतर उघडू.

मी क्रीडाशिक्षक. व्हॉलीबॉल खेळलो, व्हॉलीबॉल शिकवला, आणि त्या निमित्ताने चोपडा-यावल पट्ट्यातली बरीच कोर्ट बांधताना आणि फाटताना जवळून पाहिली. पुणे-मुंबईचा ठेकेदार जे माहितीपत्रक आणतो त्यात वरच्या दोन मिलिमीटरची माहिती असते. खानदेशात कोर्टाचं भवितव्य त्याखालच्या दोन-तीन फुटांत ठरतं. म्हणून मी उलट्या क्रमाने सांगणार आहे, खालून वर.

जमीन ओळखा

जिथे कोर्ट करायचं तिथे कमरेएवढा खड्डा घ्या, एक मधोमध आणि एक कडेला. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या तापीकाठच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी कमरेपर्यंत मातीच माती निघेल, तळ लागणार नाही. साक्री, धुळ्याकडच्या माळावर फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. त्या लोकांचं अर्धं काम निसर्गानेच केलेलं असतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या उतारावर वेगळीच गोष्ट: वरची बाजू तासून खालच्या बाजूला भर टाकून सपाटी केली जाते. मग अर्धं कोर्ट खडकावर आणि अर्धं भरावावर बसतं. पहिल्याच जोरदार पावसाळ्यात भराव दबतो आणि जिथे खडक संपून भर सुरू होते, बरोबर त्या रेषेवर काँक्रीट तडकतं. तिथे उपाय एकच, खडकाचा भागही फूटभर खाली तासायचा आणि सगळीकडे सारख्या जाडीचा मुरमाचा थर द्यायचा.

खरी परीक्षा काळ्या मातीची. एप्रिल-मे महिन्यात कपाशीच्या मोकळ्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्याच आहेत. तीच माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. आता तिच्यावर काँक्रीट ओतलं की काय होतं बघा. पावसाचं पाणी आत शिरतं ते कडेने. म्हणून कडेची माती आधी फुगते, मधली कोरडीच राहते. कोर्टाच्या कडा वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात उलटं होतं, कडा सुकून खाली बसतात, मधला भाग उंच राहतो. दोन-तीन वर्षं हे वरखाली चाललं की लांबीच्या दिशेने एक तडा ठरलेला, आणि तो बुजवत बसणं हा कायमचा धंदा होतो.

माती किती फुगणारी आहे हे बघायला प्रयोगशाळा नसली तरी अंदाज घेता येतो. फूटभर खालची माती घ्या, उन्हात खडखडीत वाळवा, कुटा, चहाच्या गाळणीतून गाळा. सरळ उभ्या, एकसारख्या दोन काचेच्या ग्लासांत दोन-दोन चमचे टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल आता रेशनला सहसा मिळत नाही, पण रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घरगुती अंदाजाला चालतं. काडीने ढवळून बुडबुडे काढा आणि २४ तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही ग्लासांतल्या मातीची उंची पट्टीने मोजा. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट किंवा जास्त भरली तर समजा, ही जमीन स्वस्तात सुटणार नाही. प्रयोगशाळेत हीच चाचणी १० ग्रॅम माती आणि १०० मिलिलिटरच्या मापपात्रात करतात, 'आयएस २७२०' मानकाच्या ४० व्या भागात ती दिली आहे. सरकारी अनुदानाचं काम असेल तर रीतसर अहवाल घ्याच. पण ग्रामपंचायतीच्या बैठकीत टेबलावर हे दोन ग्लास ठेवले की अहवालापेक्षा लवकर पटतं. एका गावातल्या आजोबांनी ग्लास हातात घेऊन एवढंच म्हटलं, "हाई काळी माटी से, सर!" आणि विषय मिटला.

मुरूम : सगळा पैसा इथेच घाला

काळी माती असेल तर ती दोन फूट तरी काढा. पाया म्हणून मुरूम भरा, पण एकदम ढीग ओतून वरून रोलर फिरवायचा नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग रोलर, मग पुढचा थर. एकदम दोन फूट भरून वरून दाबलं तर वरचे सहा-आठ इंच दबतात आणि खाली पोकळच राहतं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर द्यायची पद्धत आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी अभ्यासाने बसवली. कालव्यांच्या कामात हा थर मीटरभर जाड देतात. आपल्याला कोर्टासाठी तेवढा परवडत नाही, पण तत्त्व तेच.

हिशेब करून बघा. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर, चहूबाजूंनी ३ मीटर मोकळी जागा, म्हणजे २४ बाय १५. झाले ३६० चौरस मीटर, जवळजवळ ३,८७५ चौरस फूट. दोन फूट मुरूम म्हणजे दबल्यावर सुमारे साडेसत्याहत्तर ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), सुटा आणताना ९७ ब्रासच्या आसपास धरा. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण ब्रासभर आणते. एवढ्या ट्रॉल्या ऐकून मंडळी गप्प होतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "धरणातला गाळ फुकट मिळतोय की, तोच भरू." गाळमुक्त धरण योजनेतला गाळ शेतात सोन्यासारखा, कोर्टाखाली विष. तो काळ्या मातीहून बारीक आणि तितकाच फुगणारा. वावरात टाका, मैदानात नको.

मुरूम पुरेसा परवडत नसेल तर वरच्या सहा-आठ इंच काळ्या मातीत वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळून, ओलवून, दाबून घ्यायची. चुन्याने मातीचं फुगणं कमी होतं. हे काम रोटाव्हेटरने होतं आणि रोटाव्हेटर गावात असतोच. मात्र तोंडाला रुमाल बांधून, वारा नसताना.

आणखी दोन गोष्टी आमच्याकडच्या. कोर्टाला लागून केळीचा बाग असेल तर त्या बाजूची माती बारा महिने ओली राहते आणि दुसरी बाजू कोरडी. कोर्ट एका अंगाने उचलतं. त्या कडेला गुडघाभर खोल चर हवा. उलट, मोठं निंबाचं झाड जवळ असेल तर ते मुळांनी मातीतलं पाणी ओढून घेतं आणि त्या कोपऱ्यात जमीन खचते. झाड तोडू नका, कोर्ट सरकवा. सावलीसाठी ते झाड पुढे लागणार आहे. कोर्टाच्या चारही बाजूंनी तीन-चार फुटांचा काँक्रीटचा पदर आणि त्याबाहेर चर काढला तर कडेने शिरणारं पाणी बरंचसं तुटतं.

मुरूम मार्च-एप्रिलमध्ये भरा आणि शक्य असेल तर एक पावसाळा तसाच जाऊ द्या. जिथे दबायचं तिथे दबेल, ते दिवाळीच्या सुमारास पुन्हा भरून घ्या. या एका वर्षात मुलं त्या मुरमावरच खेळतील, काही बिघडत नाही.

खेळ कुठला आणि पाय कसले

कबड्डी-खो-खो असेल तर वर काँक्रीट नकोच. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. खो-खोचं २७ बाय १६. मुलं अनवाणी खेळतात, पडतात, घसरतात. आमच्या मुलांना मातीच हवी आणि मातीसारखं स्वस्त व बरं काही नाही. पण माती 'करावी' लागते. दबलेल्या मुरमावर चार-पाच इंच चाळलेली माती: बारीक मुरूम जास्त, तापीकाठचा पिवळसर पोयटा कमी. प्रमाण हाताने ठरवायचं. मिश्रण जरा ओलवून लिंबाएवढा गोळा वळा आणि कमरेच्या उंचीवरून कठीण जागेवर सोडा. तीन-चार तुकडे झाले तर जमलं. चपटा होऊन बसला तर चिकण जास्त, थोडा बारीक मुरूम वाढवा. भुगा झाला तर पोयटा वाढवा. रोज संध्याकाळी पाणी, आठवड्यातून एकदा हलका रोलर, रेषा फक्कीच्या. यात मेहनत आहे, पण ही मेहनत मुलंच करतात आणि मैदान आपलं मानायला लागतात.

हल्ली स्पर्धा मॅटवर होतात म्हणून उघड्यावर मॅट टाकणाऱ्या शाळा बघितल्या. मेच्या उन्हात त्या फोमच्या लाद्यांचे कोपरे वळतात आणि वावटळीची माती सांध्यांत बसते. मॅट घ्या, पण ती खोलीत ठेवा आणि सरावापुरती काढा किंवा वर पत्र्याची शेड करा.

व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन, टेनिस यांना मात्र कठीण, सपाट जागा लागते. बास्केटबॉल आणि टेनिसमध्ये चेंडू टप्पा घेतो, म्हणून तिथे पर्याय नाही. व्हॉलीबॉल मातीवरही छान होतो. चेंडू जमिनीला टेकला की रॅलीच संपते, मग महागडा टप्पा कशाला? गावात फक्त व्हॉलीबॉलच चालत असेल तर मी मातीचं कोर्टच सुचवतो आणि उरलेल्या पैशात दिवे लावायला सांगतो. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे मुलं सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावरच खेळणार. दिवे नसलेलं भारी कोर्ट सुट्टीच्या दोन महिन्यांत निम्मा वेळ रिकामं पडतं.

काँक्रीट

एकापेक्षा जास्त खेळ असतील तर काँक्रीट. डांबर आमच्याकडे मी टाळतो. स्वस्त पडतं खरं, पण इथल्या उन्हात मऊ होतं, खुर्चीचे पाय आणि खांबाचे ठोकळे रुततात. रस्त्याचं काम चालू असताना ठेकेदार "उरलेलं टाकून देतो" म्हणतो, त्याला तर अजिबात होकार देऊ नका. रस्त्याच्या खडीचा पोत जाड असतो, वर रंग चढत नाही. आणि रस्त्याला मध्यभागी उंचवटा देऊन दोन्हीकडे उतार काढतात, कोर्टाला सपाट फळी कलती ठेवल्यासारखा एकाच दिशेने ढाळ लागतो.

ढाळाचा आकडा ठेकेदारासमोर लिहून ठेवा. व्हॉलीबॉलच्या नियमात उघड्या कोर्टाला मीटरमागे ५ मिलिमीटर ढाळ चालतो. १५ मीटर रुंदीत तो होतो साडेसात सेंटिमीटर. ॲक्रेलिकवाले मीटरमागे १० मिलिमीटर मागतात, म्हणजे १५ सेंटिमीटर. फक्त व्हॉलीबॉलचं कोर्ट असेल तर नियमाप्रमाणे ५, बाकी कठीण कोर्टाला १०. ढाळ रुंदीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे द्यायचा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नाही. नाहीतर एक संघ कायम चढावर खेळतो. आणि लांबीची दिशा उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळच्या सामन्यात एका संघाच्या डोळ्यात ऊन.

काँक्रीट पाच इंच जाड, एम-२० प्रतीचं किंवा त्यावरचं, ८ मिलिमीटर सळईची जाळी. वरच्या हिशेबाला हे ४५ घनमीटरच्या आसपास येतं, म्हणजे १६ ब्रास. मुरमावर काँक्रीट टाकण्याआधी जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, सांध्यावर फूटभर चढवून. हा कागद शे-दीडशे लोकांतल्या एकालाच आठवतो आणि यातच सगळं आहे. पुढे सांगतो का ते. खांबांचे पाइप काँक्रीट ओतण्याआधी गाडून घ्या. नंतर काँक्रीटला भोक पाडून बसवलेला खांब हलतोच. व्हॉलीबॉलचे खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर, २.५५ मीटर उंच. जाळी पुरुषांना २.४३ आणि महिलांना २.२४ मीटर. त्यामुळे दोन्ही उंची बसेल अशी सोय खांबाला ठेवा.

उन्हाळ्यात ओतायची वेळ आलीच तर संध्याकाळी पाचनंतर सुरू करा. गरम वारा वरचं पाणी इतक्या झपाट्याने उडवतो की मिस्त्रीची पाठ वळायच्या आत केसासारख्या चिरा दिसतात. लगेच ओली गोणपाटं टाका, दुसऱ्या दिवशी वाळूचे किंवा मातीचे बांध घालून वाफ्यात पाणी भरतात तसं पाणी उभं करा, किमान १४ दिवस. पाणी टंचाई आहे म्हणून क्युरिंगचं (काँक्रीटमधली ओल धरून ठेवणारं) रसायन फवारू देऊ नका, त्यावर ॲक्रेलिक चिकटत नाही. दुसऱ्याच दिवशी मशीनने सांधे कापा, चार-चार मीटरवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतके खोल. एक सांधा नेटखाली येईल असं बघा, तिथे कोणी धावत नाही.

आता मिस्त्रीची समजूत. त्याला घोटायची हौस असते. जमीन आरशासारखी चकचकीत झाली की त्याला काम झाल्यासारखं वाटतं. "मिस्त्री, घोटू नका, झाडू मारा," म्हटलं की चेहरा पडतो. एकाने मला सरळच सांगितलं, "सर, घोटलं नई तर लोक म्हनतीन मिस्त्रीले काम येत नई." त्याला चहा पाजा, पण झाडूच मारून घ्या. हलकी खरखर राहिली तर रंग धरतो आणि ओल्या सकाळी पाय सटकत नाही.

पैसे इथेच संपले तर इथेच थांबा. झाडू मारलेलं उघडं काँक्रीट, पाच सेंटिमीटरच्या रंगवलेल्या रेषा, बस. गुडघ्याला कडक पडतं, म्हणून मुलांना बूट सक्तीचे करा. पण ते वीस वर्षं टिकतं, आणि ॲक्रेलिक दोन वर्षांनीही टाकता येतं.

वरचा थर

ॲक्रेलिक म्हणजे रंग, बारीक सिलिका वाळू आणि चिकट द्रव यांचे रबरी पट्टीने ओढलेले चार-पाच थर, सगळे मिळून दोन-तीन मिलिमीटर. काँक्रीट २८ दिवस पिकल्याशिवाय सुरू करू नका. त्यानंतरही एक साधी चाचणी घ्या: दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने काँक्रीटवर चिकटवा आणि रात्रभर, म्हणजे निदान १६ तास, राहू द्या. सकाळी आतून थेंब किंवा काळपट डाग दिसला तर खालून ओल येते आहे, थांबा. एका शाळेत खाली प्लॅस्टिकचा कागद नव्हता आणि ही चाचणीही कोणी घेतली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला पापडासारखे फुगे आले आणि बोटाने सोलले गेले. ठेकेदार म्हणे रंग खराब, रंगवाला म्हणे काँक्रीट खराब.

आमच्याकडे ॲक्रेलिकचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावं. मेमध्ये तापलेल्या काँक्रीटवर थर ओढता ओढता वाळतो, पट्टीचे ओरखडे तसेच राहतात. रंग गडद निळा किंवा गडद हिरवा टाळा, चित्रात छान दिसतो पण पाय भाजतो. फिकट हिरवा, वाळूचा रंग बरा. गादीदार ॲक्रेलिक, म्हणजे खाली रबराचे थर, हे गुडघ्याला चांगलं. पण शाळेची मुलं रोज तिथेच सायकली लावणार असतील तर त्यावर पैसे घालवू नका.

पॉलिप्रॉपिलीनच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) जोडणीच्या टाइल्स मला वाईट वाटत नाहीत. खालून पाणी निघून जातं, एक फुटली तर एकच बदलता येते आणि जुन्या, चिरा पडलेल्या पण सपाट काँक्रीटवर त्या बसतात. मात्र खाली काँक्रीट लागतंच, मुरमावर त्या डुगडुगतात. उन्हात त्या लांबतात. २४ मीटर लांबीत सकाळ-दुपारचा फरक काही सेंटिमीटरचा असतो, म्हणून भिंतीला किंवा कठड्याला भिडवू नका, कडेला मोकळी जागा सोडा, खिळे मारून घट्ट करू नका. आणि पावसाळ्याआधी दरवर्षी एकदा पट्टे उचलून खालची माती, निंबाची पानं झाडा. हे झाडणारा माणूस आज नक्की नसेल तर टाइल्स घेऊ नका.

कृत्रिम गवताचं वेड जळगाव-धुळ्यात जोरात आहे. रात्रीच्या क्रिकेटला, फुटबॉलला ते ठीक. शाळेला नको. हवा चाळिशीत असताना ते गवत साठ अंशांच्या पुढे सहज जातं, पाणी मारलं तरी थोडाच वेळ थंड राहतं. आणि गवतात भरलेले रबराचे दाणे मुलांच्या बुटातून घरोघरी जातात. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमात असल्या रबरी दाण्यांच्या विक्रीवर आठ वर्षांची मुदत देऊन त्यानंतर बंदी घातली आहे, हेही चेअरमनच्या कानावर घाला.

शेवटचं बिल

शेवटचं बिल द्यायच्या आधी टँकर बोलवा. सगळं कोर्ट पाण्याने भिजवा, निथळू द्या, तासाभराने बघा. जिथे पाणी साचलंय तिथे दोन रुपयांचं नाणं आडवं ठेवा. नाणं पाण्याखाली बुडालं तर खडूने गोल काढा आणि ठेकेदाराला तिथेच भरून घ्यायला सांगा. हे पाणी मारणं करारातच लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद नाही. खड्डे भरून झाले की पुन्हा एकदा टँकर, आणि मगच चेक.